उस्तादांचा उजवा कान

उस्ताद, तुमच्यावर लिहायला बसलो आणि पहिल्यांदा आठवला तो तुम्ही माझ्या तोंडावर फेकलेला हेडफोन. डाव्या भुवईच्या वर त्याची खूण अजून आहे. तेव्हा आपली ओळख होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती.

तुमचा जन्म कुठला, कैरोत तुमच्या किती कॅसेटी निघाल्या, कोणकोणत्या गायकांना तुम्ही नावारूपाला आणलंत, हे सगळं इतर लिहितील. त्यातल्या निम्म्यांना तुम्ही कधी ना कधी शिव्या घातल्या आहेत, त्यामुळे जपून आणि छान लिहितील. मला ते जमणार नाही. जर्मनमध्ये आपण एकमेकांना अरे-तुरे करायचो, तुमचंच तसं फर्मान होतं. मराठीत मात्र तीस वर्षांनी मोठ्या माणसाला ‘तू’ म्हणायला माझा हात धजत नाही, तेवढं चालवून घ्या. परवा तुम्ही जाऊन चाळीस दिवस झाले, तुमचा चाळीसावा. त्या दिवशी तुमच्या मुलीच्या, हानाच्या घरी जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण हे वाचणाऱ्यांना तुम्ही कोण ते ठाऊक नाही आणि मी कोण ते तर त्याहून नाही, म्हणून आधी मागचं सांगतो.

मी मिरजेचा. आमच्या घरात तंबोरे बनतात. वडील जवारी काढायचे, म्हणजे तंबोऱ्याची घोडी कानसीने घासत, तारेखालचा दोरा केसभर सरकवत, आवाज उघडेपर्यंत तासन् तास बसून राहायचे. मला कान त्यांनी दिला. त्या कानाच्या जोरावर मी जर्मनीत आखनला ध्वनिशास्त्र शिकलो आणि कोलोनमध्ये एरेनफेल्डला एका मागच्या अंगणातल्या छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंगच्या नोकरीला लागलो. जाहिराती, नभोनाट्यं, लहान मुलांच्या गोष्टी. तिथे एका सकाळी तुम्ही आलात, कैरोचे संगीतकार उस्ताद लुत्फी. करडा कोट, छातीशी ॲकॉर्डियन, आणि चेहऱ्यावर कुणाशी तरी भांडूनच आल्याचा भाव. मी रीतीप्रमाणे तुमच्या कानात ठेक्याची टकटक सोडली. तुम्ही दोन मात्रा ऐकलंत.

“कोण ठोकतंय हे?”

“कुणी नाही. लय धरायला आहे.”

“लय माझ्या तबल्यावाल्याच्या हातात असते! भिंतीवरच्या घड्याळात नाही!”

आणि हेडफोन आला. रक्त डोळ्यात उतरलं. तुम्ही उठलात, खिशातला रुमाल काढून माझ्या कपाळावर इतक्या जोरात दाबलात की जखमेपेक्षा तेच दुखलं. “रडू नकोस,” म्हणालात. मी रडत नव्हतो. “लग्नात वाजवताना मला खुर्ची बसली आहे, बाटली बसली आहे, एकदा आख्खा भोंगा बसला आहे. एवढ्याने कुणी मरत नाही.” मग तुम्ही हसलात, आणि मीही वेड्यासारखा हसलो. टकटक बंद करून आपण रेकॉर्डिंग पुरं केलं.

तुमची कारकीर्द मी तुमच्या अंगावर वाचली, उस्ताद. बाही वर करून तुम्ही दाखवत जायचात. खांद्यावरचा व्रण कैरोच्या शुब्रा भागातल्या गल्लीतला. तिथे रस्ता अडवून लग्नाचा मांडव पडला होता आणि तुमचं गाणं आधी वराच्या बाजूसाठी वाजावं की वधूच्या, यावरून खुर्च्या उडाल्या होत्या. वाकडी करंगळी त्या गायकामुळे, ज्याने तुमची चाल स्वतःच्या नावावर खपवली. तुम्ही त्याच्या दारात जाऊन त्याला धुतलं होतंत आणि तोच पुढे दहा वर्षं तुमचीच गाणी गात राहिला. रेडिओवाल्यांनी तुम्हाला दारातूनच परत पाठवलं, हे गल्लीबोळातलं संगीत आहे म्हणून. ते सांगताना तुम्ही थुंकायचात. मग लगेच सांगायचात की त्याच रेडिओच्या साहेबांची टॅक्सी ऑफिसच्या दारात थांबायची तेव्हा आत तुमचीच कॅसेट चालू असायची.

आणि डावा कान. तुमच्याकडे लग्नात गाणं मध्येच थांबवून पाहुण्यांना नाव घेऊन सलाम करायची पद्धत. एका लग्नात एका पोलीस अधिकाऱ्याला पहिला सलाम हवा होता. लग्न कसायाच्या मुलीचं होतं, म्हणून तुम्ही पहिलं नाव कसायाचं घेतलंत. दुसऱ्या दिवशी तुम्हाला चौकीत नेलं आणि त्याने उघड्या हाताने एकच मारली. पडदा फाटला. त्यानंतर सगळं तुम्ही एका उजव्या कानावर केलंत, नंतरची निम्मी गाणीसुद्धा, आणि हानाच्या आईच्या मागे जर्मनीत आल्यावर दिवसा पार्सलं लावत आणि शनिवारी लग्नं वाजवत काढलेली सगळी वर्षंसुद्धा. माझ्याशी बोलताना तुम्ही नेहमी मान वळवून उजवी बाजू पुढे करायचात. नवख्याला वाटायचं, हा माणूस तोंड फिरवतोय.

मला तुमच्याजवळ ओढलं ते तुमच्या ॲकॉर्डियनने. तुम्ही त्याच्या आतल्या सूर देणाऱ्या पत्त्या स्वतः कानसीने घासून उतरवल्या होत्यात, आणि त्यात एक गंधार असा होता की तो ना कोमल, ना शुद्ध, बरोबर मधला. तुम्ही तो दाबलात आणि मी खुर्चीतून उठलो. म्हटलं, हा सूर मी घरी ऐकला आहे, वडील षड्जाची तार लावतात तेव्हा तिच्यातून असंच कुणीतरी डोकावतं. तुम्ही माझे दोन्ही गाल धरून मुके घेतलेत, दाढीचे खुंट टोचवत. “इथे बावीस वर्षांत,” तुम्ही ओरडलात, “पहिला माणूस, ज्याला हा सूर चुकलाय असं वाटलं नाही!”

हे मला आता लिहवत नाही. पण लिहितो.

त्यानंतर दर रविवारी दुपारी मी आणि माझी बायको केतकी तुमच्याकडे जेवायला. तुम्ही मुलूखियाची पालेभाजी करायचात, दोन मुठींचा वाकडा सुरा घेऊन पानांवर असे तुटून पडायचात की खालचे शेजारी छताला काठी मारायचे. लसणाची फोडणी वर ओतताना मोठ्याने दचकून श्वास घ्यायचा, नाहीतर भाजी बिघडते, हा तुमचा कायदा. केतकीला पहिल्यांदा वाटलं, तुमचा हात भाजला. नंतर ती आमच्याकडे वरणाला फोडणी देतानाही तसंच करायला लागली. तुम्ही कुणाच्या तरी खून-मारामारीचं काही सांगत असायचात, हाना ‘पापा, जेवताना नको’ म्हणायची, आणि मग सगळं जेवण होईपर्यंत आपण दोघं सुरांवरून भांडायचो. घरापासून इतक्या लांब मला पुन्हा एक बाप मिळाला होता. तेव्हा हे कधी बोललो नाही.

मग हानाचं लग्न ठरलं आणि तुम्ही तिच्यासाठी गाणं बांधलंत. स्वतः गायलात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळ्यात गाणी घातली, हे एकच स्वतःच्या गळ्यात. आवाज फुटका होता, आणि ध्रुवपदाचा सगळा भार त्या मधल्या गंधारावर. तुम्ही माझ्या हातात टेप देऊन म्हणालात, “तू स्वच्छ कर. तुझ्यावर सोडतो.”

त्याच वसंतात माझे वडील गेले. मला तिकीट मिळून मी मिरजेला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत येऊन मी कामाला लागलो ते दगड होऊन. तुमचं गाणं समोरच्या पडद्यावर घेतलं, सूर दुरुस्त करायचा प्रोग्रॅम लावला. पडद्यावर तुमच्या आवाजाची रेघ दोन पट्ट्यांच्या मधोमध लोंबकळत होती. मी ती एकेका सुरावर थांबत वर ओढली आणि नीट पट्टीवर बसवली. ऐकलं नाही, उस्ताद. पाहिलं. जवारी काढणाऱ्याच्या मुलाने गाणं डोळ्यांनी तपासलं. शिवाय मनात होतं की निम्मे पाहुणे जर्मन आहेत, ते हसतील, म्हातारा बेसूर गातो म्हणतील. तुमची लाज राखायला निघालो होतो मी!

हॉल ऱ्हाईनच्या पलीकडे होता. दुपारची वेळ, दोनशे माणसं, हाना पांढऱ्या कपड्यात दारातून आत येत होती आणि गाणं सुरू झालं. ध्रुवपदाला तुम्ही थबकलात. मान वळवून उजवा कान भोंग्याकडे केलात. तुमचा चेहरा उतरताना मी पाहिला आणि त्याच क्षणी मलाही ऐकू आलं. तुमचा सूर नव्हता. तुमच्या गळ्यातून कुणीतरी परका माणूस गुळगुळीत गात होता.

तुम्ही गाणं वाजवणारं यंत्र उचलून जमिनीवर आपटलंत. मग माझ्याकडे आलात, माझी गचांडी धरून मला दारामागच्या जिन्यात ढकललंत आणि दोन लगावल्यात. त्या मला लागल्याच नाहीत. त्या मी खाल्ल्या असत्या, आणखी चार खाल्ल्या असत्या. पण तुम्ही बोललात.

“तुझ्या बापाने भोपळे बरे वाढवले. तुझ्यापेक्षा त्या तंबोऱ्याच्या भोपळ्यांना सूर कळतो. बरं झालं मेला, हे ऐकण्याआधी!”

ते वाक्य मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. तुम्ही मातीत आहात म्हणून करीन असं समजू नका. वडील जाऊन सात आठवडे झाले होते आणि हे तुम्हाला माहीत होतं, मी मिरजेहून परतलो त्या आठवड्यात माझ्या घरी येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसला होतात तुम्ही.

मी मारलं. उघड्या हाताने, होता नव्हता तेवढा जोर लावून. तुम्ही समोर उभे होतात, सवयीने उजवी बाजू पुढे केलेली. तुम्ही कठड्यावर आदळलात आणि खाली बसलात. कानातून रक्ताची रेघ मानेवर आली. मी काहीतरी बोलत होतो, आणि तुम्ही माझ्या ओठांकडे पाहत होतात. तेव्हाच मला कळलं की तुम्हाला ऐकू येत नाहीये.

लोक धावत आले. तुम्ही कठडा धरून उठलात. “पडलो,” तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, नको तेवढ्या मोठ्या आवाजात. “जिन्यात पाय घसरला.” डॉक्टरलाही तेच सांगितलंत. जखम चिघळली, दोन महिने उपचार झाले, आणि उजवा कान गेला. नंतर ॲकॉर्डियन पेटीतून बाहेर निघालं नाही, हे मला दुसऱ्यांकडून कळत गेलं.

मी आलो नाही. आठ महिने आलो नाही. मी काही सबबी नीट रचून ठेवल्या होत्या. उस्तादांनीच ‘पडलो’ म्हटलंय, म्हणजे त्यांना विषय मिटवायचा आहे. आधी त्यांनी मारलं. माझ्या बापावर ते गेले. केतकी दर रविवारी सकाळी सुरू करायची.

“अरे अभय, जा ना. निदान फोन कर.”

“फोनवर त्यांना ऐकू येईल का?”

“मग समोर जा. त्यांना तुझं एंडशुल्डिगुंग नको असेल तर नको म्हणतील. माफी मागायला काय डॉक्टरकडच्यासारखा टेर्मिन घ्यावा लागतो तुला?”

“तुला माहीत नाही ते काय बोलले.”

“माहीत आहे. तू रोज सांगतोस. ते काय बोलले ते रोज सांगतोस, तू काय केलंस ते एकदाही नाही.”

ती खरं बोलत होती म्हणून मी तिच्यावरही ओरडलो. एकदा तुमच्या दारापर्यंत आलो होतो. घंटेच्या पाट्यांवर तुमचं नाव वाचलं, बोट वर नेलं, आणि परत फिरलो. आणि ऐका, यापेक्षा वाईट आहे. लग्नानंतरच्या आठवड्यातच मी तुमचं गाणं पुन्हा केलं होतं. मूळ टेप होती. एकाही सुराला हात न लावता, तुमचा फुटका आवाज आहे तसा. सीडी करून स्टुडिओच्या खणात ठेवली. ज्याच्यासाठी केली त्याला आता ती ऐकूच येणार नव्हती. ती कशी आणून देऊ? ‘घ्या, बरोबर केलंय’ म्हणू?

मग जानेवारीत हानाचा फोन आला. तुम्ही स्वयंपाकघरात खुर्चीत बसल्या बसल्या गेलात, हृदयविकाराचा तिसरा झटका. दफनाला मी सगळ्यात मागे उभा होतो. जमीन गोठलेली होती, खड्डा यंत्राने खणला होता, आणि आजूबाजूला इतकी जर्मन शांतता होती की तुम्ही उठून कुणाला तरी शिवी द्याल असं मला सारखं वाटत होतं. हानाने माझ्याशी हात मिळवला.

चाळीसाव्याला मी सीडी कोटाच्या खिशात घालून गेलो. केतकी बरोबर होती. हानाच्या घरी वीस-बावीस माणसं, टेपवर कुराणाचं पठण, हातात बिनसाखरेची कॉफी. पठण संपलं आणि अबू सामी बोलायला उभा राहिला. तुमचा तबल्यावाला, शुब्रापासूनचा, तुम्ही ज्याच्या हातातली लय माझ्या डोक्यात हाणली होती तो. बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला.

“त्या एका जिन्याने घात केला,” तो म्हणाला. “पाय घसरला नसता तर कान गेला नसता. कान गेला नसता तर लुत्फी अजून दहा वर्षं जगला असता. सुरांशिवाय तो जगणार कसा? खुदाने त्या जिन्याचा सत्यानाश करावा.”

सगळे ‘आमीन’ म्हणाले. हानाही म्हणाली. मी उठलो. केतकीने धरलेली माझी बाही सोडली.

“ते पडले नाहीत,” मी म्हणालो. “मी त्यांना मारलं. कानावर. चांगल्या कानावर.”

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी अरबीत सांगितलं. अबू सामीच्या हातातली कपबशी खाली पडून फुटली आणि तो माझ्यावर आला. सत्तरीचा माणूस, पण आयुष्यभर कातडं बडवलेले हात. त्याने माझी कॉलर पिळली, मला भिंतीला लावलं, दुसऱ्या हाताची मूठ मागे नेली. मी डोळे मिटले नाहीत. मला ती मूठ हवी होती, उस्ताद. इतके महिने मी कुणीतरी मला फोडून काढावं म्हणून वाट बघत होतो, आणि स्वतःहून जाऊन मागायची हिंमत होत नव्हती.

“हात खाली,” हाना म्हणाली. “पापांनी बजावलं होतं. याला कुणी हात लावायचा नाही.”

अबू सामीने मला सोडलं आणि तो जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडायला लागला. हानाने दार उघडलं आणि मला बाहेर जिन्याच्या चौकात नेलं. मी खिशातली सीडी पुढे केली. हे गाणं आहे, म्हणालो, खरं, जसं त्यांनी गायलं तसं. तिने ती घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि माझ्या हातात परत ठेवली.

“हे कधी केलंस?”

“तुझ्या लग्नानंतरच्या आठवड्यात.”

“आल्झो, म्हणजे तेव्हाच. त्या आठवड्यात त्यांना अजून थोडं ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणाले होते, उजव्या कानात थोडं उरलंय. सहा आठवड्यांनी तेही गेलं.”

मी कठडा धरला. मला वाटत होतं, त्या जिन्यातच सगळं संपलं. उस्ताद, मी सहा आठवडे ती सीडी खणात ठेवून स्वतःला दोष देत बसलो होतो आणि तुम्हाला ऐकू येत होतं!

“हाना, मी...”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “लग्नाच्या दिवशी मी वरच्या पायरीवर उभी होते. त्यांनी तुझ्या बाबांबद्दल काय म्हटलं तेही ऐकलं. घरी गेल्यावर मी त्यांच्याशी त्यावरून भांडले, कागदावर लिहून लिहून. ते म्हणाले, मी बोललो ते माझ्या जिभेने केलं, तिला मारायला हवं होतं त्याने. मी म्हटलं, मग त्याला बोलवा. तर म्हणे, नाही. तो येईल.”

“दर रविवारी हेच,” ती पुढे म्हणाली. “आठ महिने. घंटा वाजली तर मी सांगायचं, कारण त्यांना ऐकू यायचं नाही. आणि मला ठरवून दिलं होतं. अभय आला की दारातच त्याला एक ठेवून द्यायची, आणि मग काही न बोलता जेवायला वाढायचं.”

मी गाल पुढे केला. खोटं लिहीत नाही, खरंच केला. हानाचे डोळे कोरडे होते. आत केतकी कुणाला तरी फुटलेल्या कपाचे तुकडे उचलायला मदत करत असल्याचा आवाज येत होता.

“पहिलं मला येत नाही,” ती म्हणाली. “आणि दुसरं, जेवायला वाढणं, मला करायचं नाही. तुझ्या बायकोला पाठवते बाहेर.”

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.